कोडमधून ब्रँडेड स्लाइड टेम्प्लेट बनवणं आणि प्रसिद्ध करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थेच्या रंगांचं, फॉन्टचं आणि लोगोचं स्लाइड टेम्प्लेट कोडमधून कसं बनवायचं आणि ते इतरांना एका आज्ञेत कसं मिळेल, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः क्वार्टो (साध्या मजकुरातून स्लाइड बनवणारं साधन) आणि रिव्हील जेएस (त्या ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन) या जोडीला धरून आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

१. आमच्याकडे पॉवरपॉइंटची फाइल आहे. मग टेम्प्लेट कोडमधून कशासाठी बनवायचं?

पॉवरपॉइंटची फाइल मेलमधून हातोहात फिरते. सुरुवातीला सगळे तीच वापरतात. मग कुणी जुन्या सादरीकरणातून दोन स्लाइड आणून चिकटवतं, कुणी शीर्षकाचा निळा नजरेच्या अंदाजाने निवडतं, आणि काही काळाने एकाच संस्थेचे चार वेगवेगळे निळे दिसू लागतात. कोडमध्ये तो निळा एका ओळीत, एकाच जागी लिहिलेला असतो. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत राहतो, त्यामुळे कुणी काय बदललं ते गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ओळीओळीने दिसतं. आकडे आणि आलेख आर किंवा पायथनमधून येत असतील तर फायदा आणखी मोठा: डेटा बदलला की स्लाइड पुन्हा रेंडर करायच्या (मजकुरातून तयार करून घ्यायच्या), आलेख कापून चिकटवायचे नाहीत.

पण तुमच्या गटात सगळे माऊसनेच स्लाइड बनवत असतील आणि साधा मजकूर लिहून रेंडर करायची कुणाची तयारी नसेल, तर हा मार्ग लादू नका. त्यांच्यासाठी प्रश्न १७ मधली, ब्रँडचे रंग-फॉन्ट भरलेली पॉवरपॉइंटची फाइलच बरी.

२. क्वार्टो, मार्प, स्लाइडेव्ह, बीमर... नेमकं काय निवडू?

तुमचे वापरणारे रोज कशात काम करतात, त्यावर ठरवा. मार्पमध्ये थीम म्हणजे एक सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) फाइल, जिच्या सुरुवातीला टिप्पणीत थीमचं नाव लिहावं लागतं. मजकूरप्रधान, साध्या स्लाइडना ते पुरतं. स्लाइडेव्ह वेब डेव्हलपरांचं साधन आहे, त्याची थीम एनपीएम (जावास्क्रिप्टचं पॅकेज-भांडार) पॅकेज म्हणून प्रसिद्ध होते. सूत्रं जास्त असणारे लेटेकवाले (लेटेक ही मजकूर-सूत्रं मांडण्याची भाषा) तिच्यातलं बीमर सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडावंही असं मला वाटत नाही.

ज्यांच्या स्लाइडमध्ये विश्लेषण, कोड आणि आलेख आहेत त्यांच्यासाठी माझं मत क्वार्टोच्या बाजूने आहे. पॉझिट या कंपनीने ते २०२२ साली प्रसिद्ध केलं. आत पँडॉक हे मजकूर एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलणारं साधन आहे, जे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली सुरू केलं. ब्राउझरमधल्या स्लाइडसाठी क्वार्टो हकीम अल हत्ताब यांचं रिव्हील जेएस वापरतं. या तिन्हींचा कोड खुला आहे, म्हणून टेम्प्लेट कुणा एका कंपनीच्या मर्जीवर टिकून राहत नाही.

३. मला किती कोडिंग यायला हवं?

वापरणाऱ्याला मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) पुरे. बनवणाऱ्याला सीएसएस बऱ्यापैकी आणि गिट जुजबी यायला हवं. जावास्क्रिप्ट न येताही उत्तम टेम्प्लेट बनतं.

४. सुरुवात कुठून करायची? कोणत्या फाइली लागतात?

क्वार्टोत टेम्प्लेट एक्स्टेन्शन, म्हणजे बाहेरून जोडायचा भाग, म्हणून बनतं. टर्मिनलमध्ये ‘क्वार्टो क्रिएट एक्स्टेन्शन’ चालवा, प्रकार विचारला की फॉरमॅट निवडा आणि त्यात रिव्हील जेएस. मग नाव विचारलं जातं. हे नाव सावकाश ठरवा: छोटं, रोमन लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. तेच पुढे प्रत्येक वापरणाऱ्याच्या प्रत्येक फाइलीत लिहिलं जाणार आहे आणि नंतर बदललं तर त्या सगळ्या फाइली अडतात.

तयार झालेल्या फोल्डरमधल्या तीन गोष्टी ओळखून ठेवा. ‘अंडरस्कोर एक्स्टेन्शन्स’ या फोल्डरच्या आत तुमच्या नावाचं फोल्डर असतं. टेम्प्लेटचा जीव तिथे आहे. त्यातली ‘अंडरस्कोर एक्स्टेन्शन डॉट वायएमएल’ ही सेटिंगची फाइल (पुढे नुसतं ‘एक्स्टेन्शन फाइल’ म्हणतो) नाव, आवृत्ती, क्वार्टोची किमान कोणती आवृत्ती लागेल, आणि कोणती थीम, लोगो, तळटीप वापरायची ते सांगते. तिसरी, बाहेरची ‘टेम्प्लेट डॉट क्यूएमडी’, म्हणजे वापरणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या नमुना स्लाइड.

वायएमएल फाइलीत टॅब चालत नाही, फक्त स्पेस. पहिल्या दिवशी येणाऱ्या बऱ्याच चुका याच असतात.

५. संस्थेचे रंग आणि अक्षरांचे आकार कुठे लिहायचे?

एससीएसएस (चल वापरू देणारं सीएसएस) फाइलीत. या फाइलीचे दोन मुख्य भाग असतात आणि ते विशिष्ट टिप्पण्यांनी वेगळे करायचे असतात: ‘एससीएसएस डिफॉल्ट्स’ आणि ‘एससीएसएस रूल्स’. अशी एकही टिप्पणी नसेल तर क्वार्टो फाइल नाकारतं आणि तसा संदेश देतं.

डिफॉल्ट्समध्ये चल (नाव देऊन ठेवलेल्या किमती) ठरवायचे: पार्श्वभूमी, मजकुराचा रंग, दुव्यांचा रंग, शीर्षकाचा फॉन्ट, मूळ अक्षराचा आकार. रूल्समध्ये नेहमीचं सीएसएस. जितकं काम डिफॉल्ट्समध्ये भागेल तितकं तिथेच भागवा. दुव्याचा रंग चलातून बदलला तर तो जिथे जिथे लागतो तिथे नीट बदलतो. तेच काम रूल्समध्ये केलं की एखादी जागा हमखास राहून जाते.

रंगांना त्यांच्या कामावरून नाव द्या, छटेवरून नको. ‘मुख्य रंग’ हे नाव ब्रँड बदलल्यावरही खरं राहतं. ‘गडद निळा’ नावाच्या चलात उद्या हिरवा बसला तर फाइल वाचणारा गोंधळेल.

६. आता ‘ब्रँड’ फाइल आली आहे. तिच्यामुळे एक्स्टेन्शनची गरज संपली का?

क्वार्टो १.६ पासून ‘अंडरस्कोर ब्रँड डॉट वायएमएल’ ही फाइल चालते. तिच्यात लोगो, रंग आणि फॉन्ट एकदा लिहिले की त्याच प्रकल्पातलं वेबपान, डॅशबोर्ड आणि रिव्हील स्लाइड हे सगळं एकाच रूपात येतं. तुम्हाला एवढंच हवं असेल तर तिथेच थांबा.

विभागाची वेगळी स्लाइड, अवतरणाची स्लाइड, दोन स्तंभांची ठरावीक मांडणी, नमुना मजकूर आणि हे सगळं एका आज्ञेत दुसऱ्याच्या हाती देणं यासाठी मात्र एक्स्टेन्शन लागतं. ब्रँड फाइलवर विसंबत असाल तर एक्स्टेन्शन फाइलीत क्वार्टोची किमान आवृत्ती १.६ लिहायला विसरू नका, नाहीतर जुनी आवृत्ती असलेल्याला रंगाविना स्लाइड दिसतील आणि कारण कळणार नाही.

७. स्लाइडचा आकार किती ठेवावा? दोन्ही बाजूंना रिकामे पट्टे दिसतात.

क्वार्टोच्या रिव्हील स्लाइडचा मूळ आकार १०५० गुणिले ७०० आहे, म्हणजे ३:२. बहुतेक पडदे १६:९ असतात, म्हणून कडेला जागा उरते. एक्स्टेन्शन फाइलीत रुंदी-उंची बदला.

इथे एक बारकावा आहे. बरेच जण सरळ १६०० गुणिले ९०० लिहितात आणि मग अक्षरं बारीक झाल्याची तक्रार येते. मूळ अक्षर ४० पिक्सेलचं असतं. ७०० उंचीच्या स्लाइडवर ते उंचीच्या जवळपास ५.७ टक्के भरतं, ९०० वर ४.४ टक्केच. पूर्ण स्लाइड पडद्याच्या मापात बसवली जाते, त्यामुळे अक्षर प्रत्यक्षात लहान दिसतं. १२८० गुणिले ७२० घेतलं तर प्रमाण १६:९ मिळतं आणि अक्षराचा आकार जवळपास तसाच राहतो. मी हाच आकार वापरतो. मोठा आकार हवाच असेल तर मूळ अक्षरही त्याच पटीत वाढवा.

८. लोगो नीट बसत नाही. कधी फार लहान, कधी गडद स्लाइडवर दिसेनासा, आणि मुखपृष्ठावर तर दोनदा येतो.

एकेक घेऊ.

आकार: ‘लोगो’ पर्यायातून दिलेलं चित्र उजव्या खालच्या कोपऱ्यात येतं आणि त्याची उंची बेताचीच ठेवलेली असते. ‘स्लाइड-लोगो’ या क्लासला (सीएसएसमध्ये घटक ओळखायच्या नावाला) रूल्समध्ये नवी कमाल उंची द्या. रुंदी आणि उंची दोन्ही ठोकून बसवू नका, लोगो चेपतो.

फाइल: एसव्हीजी (रेषा-आकारांतून बनलेलं चित्र) घ्या, पण त्यातला मजकूर आधी आकारांत रूपांतरित करून घ्या. चित्र म्हणून लावलेली एसव्हीजी बाहेरून फॉन्ट आणू शकत नाही. त्यामुळे ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याला संस्थेचं नाव भलत्याच अक्षरांत दिसतं, आणि तुमच्या संगणकावर फॉन्ट असल्यामुळे तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

गडद स्लाइड: स्लाइडला गडद पार्श्वभूमी दिली की रिव्हील स्वतःहून ‘हॅज-डार्क-बॅकग्राउंड’ हा क्लास लावतं, त्या स्लाइडवर आणि बाहेरच्या मुख्य घटकावरही. लोगो त्या मुख्य घटकात असल्यामुळे या क्लासच्या आधाराने पांढरा लोगो दाखवणं सीएसएसनेच जमतं.

मुखपृष्ठ: तिथे मोठा लोगो आधीच असतो, म्हणून कोपऱ्यातला लपवायचा असतो. पण कोपऱ्यातला लोगो कुठल्याच स्लाइडच्या आत नसतो, सगळ्यांच्या वर तरंगत असतो. त्यामुळे ‘मुखपृष्ठाच्या आतला लोगो लपव’ असा नियम लिहून काही होत नाही. मुखपृष्ठाच्या गुणधर्मांत ‘डेटा-स्टेट’ला एखादं नाव द्या. ती स्लाइड पुढे आली की रिव्हील ते नाव सर्वांत बाहेरच्या घटकावर क्लास म्हणून लावतं आणि स्लाइड गेली की काढून टाकतं. त्या क्लासखाली लोगो लपवा.

९. ब्रँड मॅन्युअलमधला पिवळा मजकुराला वापरू का?

पांढऱ्यावर नको. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मानकानुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या मजकुराचा ३:१. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट १.१:१ सुद्धा भरत नाही. अशा रंगाची पट्टी करा, आलेखातला एखादा स्तंभ करा, गडद स्लाइडवर शीर्षक करा. प्रोजेक्टरवर रंग आणखी फिके पडतात, म्हणून मानकाच्या काठावरचा रंगही मी टाळतो. ब्रँडचे लोक आग्रह धरत असतील तर त्यांना छापील नमुना नको, उजेड असलेल्या खोलीत प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवा.

१०. फॉन्ट माझ्याकडे बरोबर दिसतो, सहकाऱ्याकडे वेगळाच. का?

कारण तो तुमच्या संगणकात आहे, टेम्प्लेटमध्ये नाही. इंटरनेटवरून फॉन्ट आणणं हाही पुरता उपाय नव्हे. हे मी एका सभागृहात अनुभवलं आहे. आदल्या रात्री सगळं व्यवस्थित होतं. सभागृहात इंटरनेट नव्हतं, ब्राउझरने दुसरा, जास्त रुंद फॉन्ट लावला, प्रत्येक मुद्द्याची एक ओळ वाढली, आणि निष्कर्षाच्या स्लाइडवरचे शेवटचे दोन मुद्दे पडद्याखाली गेले. ते मी तोंडी सांगितले. त्या दिवसापासून फॉन्टची फाइल टेम्प्लेटच्या आतच ठेवतो.

डब्ल्यूओएफएफ-२ या वेब-फॉन्टच्या स्वरूपातली फाइल एक्स्टेन्शनच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘फॉन्ट-फेस’ नियमाने जोडा. पाथ (फाइलीचा पत्ता) लिहिताना जपा. ब्राउझर सापेक्ष पाथ मोजतो तो तयार झालेल्या सीएसएस फाइलीच्या जागेपासून, आणि तुमची एससीएसएस संकलित होऊन वेगळ्याच फोल्डरमध्ये जाते. म्हणून रेंडर झाल्यावर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा आणि फॉन्टच्या ओळीत ४०४ (फाइल सापडली नाही) असं नाही ना ते बघा. खरी चाचणी मात्र एकच: ज्या संगणकावर तो फॉन्ट बसवलेलाच नाही, तिथे वायफाय बंद करून स्लाइड उघडा.

फॉन्ट वाटण्याचा परवाना आहे का तेही पाहा. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत देता येतात. विकत घेतलेल्या फॉन्टची फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीत (गिटने नोंद ठेवलेल्या, सर्वांना खुल्या फोल्डरमध्ये) टाकायला सहसा परवानगी नसते.

११. मराठी स्लाइडवर शीर्षकाची शिरोरेखा तुटते, आणि ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. हे टेम्प्लेटमधून सुधारता येईल का?

येईल, आणि देवनागरीत स्लाइड बनवणार असाल तर सुधाराच. शिरोरेखा तुटते ती बहुधा ‘लेटर-स्पेसिंग’मुळे. रोमन शीर्षकं मोकळी दिसावीत म्हणून अनेक थीम अक्षरांमध्ये जागा सोडतात. देवनागरीत तीच जागा रेघ फोडते. शीर्षकांसाठी ती शून्य करा. ओळींमधलं अंतरही थोडं वाढवा, कारण वरची वेलांटी-मात्रा आणि खालचे उकार यांना रोमन अक्षरांपेक्षा जास्त उंची लागते. घट्ट ओळींत वरच्या ओळीचा ‘कृ’ खालच्या ओळीच्या ‘कै’ला टेकतो.

‘ल’ आणि ‘श’चं मराठी वळण काही फॉन्टमध्ये आतच असतं, पण मजकूर मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं. स्लाइडच्या फाइलीत ‘लँग’समोर मराठीचा कोड ‘एमआर’ लिहा. फॉन्टमध्ये ती रूपं असतील तर लगेच फरक दिसेल. नसतील तर फॉन्ट बदलण्यावाचून इलाज नाही.

१२. नमुना फाइलीत काय काय ठेवावं?

वापरणारा दस्तऐवज वाचत नाही, नमुना फाइल उघडून त्यातला मजकूर खोडून स्वतःचा लिहितो. तेव्हा तीच तुमची खरी सूचनापुस्तिका आहे. मुखपृष्ठ, विभागाची स्लाइड, साधी यादी, दोन स्तंभ, पूर्ण पडद्याचं चित्र, आलेख, तक्ता, कोडचा तुकडा, अवतरण, शेवटची संपर्काची स्लाइड, प्रत्येकाचा एकेक नमुना द्या. नमुन्यातला मजकूर निरर्थक भरताड नको. ‘शीर्षक एका ओळीत मावेल असं लिहा’ यासारखी त्या स्लाइडबद्दलचीच सूचना तिथे लिहा.

मुद्दाम एक लांबलचक शीर्षक आणि नऊ स्तंभांचा तक्ता घालून स्वतः रेंडर करून पाहा. हे नमुन्यात ठेवू नका, पण टेम्प्लेट कुठे मोडतं ते तुम्हाला आधी कळेल.

१३. गिटहबवर प्रसिद्ध कसं करायचं, आणि लोकांनी ते घ्यायचं कसं?

प्रसिद्ध करणं सोपं आहे: पूर्ण फोल्डर गिटहब या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत पुश करा, म्हणजे चढवा. वेगळी नोंदणी लागत नाही.

घेण्याचे दोन मार्ग आहेत. नवीन सुरुवात करणाऱ्याने ‘क्वार्टो यूज टेम्प्लेट’ आणि पुढे खात्याचं नाव, तिरकी रेघ, रिपॉझिटरीचं नाव असं लिहायचं. लेखकावर विश्वास आहे का असं क्वार्टो विचारतं, मग फोल्डरचं नाव विचारतं, आणि नमुना फाइलीला त्या फोल्डरचंच नाव देतं. ज्याचा प्रकल्प आधीच चालू आहे त्याने ‘क्वार्टो ॲड’ वापरायचं. त्याने फक्त एक्स्टेन्शन येतं, नमुना फाइल येत नाही. रीडमीमध्ये (रिपॉझिटरीच्या माहितीच्या फाइलीत) दोन्ही आज्ञा पूर्ण लिहून ठेवा, लोक तिथूनच कॉपी करतात.

रीडमी, परवाना आणि टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली वापरणाऱ्याकडे जात नाहीत. आणखी काही रोखायचं असेल, समजा लोगोच्या मूळ डिझाइन फाइली, तर त्यांची नावं ‘डॉट क्वार्टोइग्नोर’ फाइलीत लिहा.

१४. टेम्प्लेट घेतलं, रेंडरही झालं, पण स्लाइड पांढऱ्याच आल्या.

फाइलीच्या वरच्या भागात ‘फॉरमॅट’समोर नुसतं ‘रिव्हीलजेएस’ लिहिलेलं असणार. तिथे एक्स्टेन्शनचं नाव, मग जोडरेघ, मग ‘रिव्हीलजेएस’ असं हवं. जुन्या स्लाइड नव्या टेम्प्लेटवर आणणाऱ्यांकडून हे हमखास राहतं.

१५. माझ्या फोल्डरमध्ये सगळं चालतं. दुसऱ्याने इन्स्टॉल केलं की मुखपृष्ठाचं चित्र गायब. असं कसं?

बनवताना एक्स्टेन्शन ‘अंडरस्कोर एक्स्टेन्शन्स’ फोल्डरच्या थेट आत असतं. गिटहबवरून घेतल्यावर मधे एक पायरी वाढते: आधी खात्याच्या नावाचं फोल्डर, त्याच्या आत तुमचं. तुम्ही नमुना फाइलीत चित्राचा पूर्ण पाथ लिहिला असेल तर तो फक्त तुमच्याच फोल्डरमध्ये खरा ठरतो.

उपाय असा की ब्रँडची चित्रं नमुना फाइलीतून बोलवायचीच नाहीत. ती एक्स्टेन्शन फाइलीत लिहा. तिथले पाथ एक्स्टेन्शनच्या फोल्डरपासून मोजले जातात आणि इन्स्टॉल झाल्यावरही टिकतात. चित्र वापरणाऱ्याने बदलायचंच असेल तर ते नमुना फाइलीच्या शेजारी ठेवा.

ही चूक स्वतःच्या फोल्डरमध्ये बसून कधीच सापडत नाही. म्हणून दर वेळी पुश केल्यावर मी एक रिकामं फोल्डर उघडतो, अनोळखी माणसासारखी ‘यूज टेम्प्लेट’ची आज्ञा चालवतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक स्लाइड बघतो. चार-पाच मिनिटांचं काम आहे. ते केल्याशिवाय कुणालाही दुवा पाठवत नाही, कारण टेम्प्लेट घेणारा माणूस ते बहुतेक वेळा भाषणाच्या आदल्या रात्री उघडतो.

१६. घेण्याआधी लोकांना नमुना स्लाइड ब्राउझरमध्ये पाहता येतील का?

हो, गिटहब पेजेसवर (गिटहबच्या वेबपानं दाखवायच्या सोयीवर). ‘क्वार्टो पब्लिश’ या आज्ञेला ‘जीएच-पेजेस’ जोडलं की ती वेगळ्या शाखेत रेंडर झालेल्या स्लाइड ठेवते. हाताने फाइली चढवत असाल तर दोन ठिकाणी अडतं. एक, एक्स्टेन्शनसोबत तयार होणारी ‘गिटइग्नोर’ फाइल बघा. तिच्यात एचटीएमएल वगळलेलं असेल तर नमुना पुशच होत नाही. दोन, गिटहब पेजेस मुळात जेकिल (वेबपानं बनवणारं साधन) वापरतं आणि जेकिल अंडरस्कोरने सुरू होणारी फोल्डरं सोडून देतं. लोगो तशाच फोल्डरमध्ये असल्यामुळे स्लाइड दिसतात, लोगो दिसत नाही. मुळाशी ‘डॉट नोजेकिल’ नावाची रिकामी फाइल ठेवली की झालं.

१७. साहेबांना पॉवरपॉइंटच हवं आहे. याच मजकुरातून निघेल का?

निघेल, पण एससीएसएसमधलं काहीही तिथे लागू होत नाही. पॉवरपॉइंटचं रूप ‘रेफरन्स-डॉक’ म्हणून दिलेल्या फाइलीतून येतं. पँडॉकची मूळ फाइल काढून घ्या, तिच्या स्लाइड मास्टरमध्ये ब्रँडचे रंग-फॉन्ट भरा आणि तीच द्या.

पँडॉक मांडणी ओळखतं ती नावावरून: टायटल स्लाइड, टायटल अँड कंटेंट, सेक्शन हेडर, टू कंटेंट, कंपॅरिझन, कंटेंट विथ कॅप्शन आणि ब्लँक, अशी ७ इंग्रजी नावं. डिझायनरने मास्टर नीटनेटकं करताना नाव बदललं, किंवा फाइल दुसऱ्या भाषेतल्या पॉवरपॉइंटमध्ये बनली, तर पँडॉक इशारा देऊन ती मांडणी स्वतःच्या साध्या फाइलीतून घेतं. दहापैकी तीनच स्लाइड ब्रँडविना आल्या तर आधी ही नावं तपासा.

१८. एकच फाइल मेलने पाठवायची आहे. आणि पीडीएफ?

‘एम्बेड-रिसोर्सेस’ चालू केलं की चित्रं, फॉन्ट, सीएसएस सगळं एका एचटीएमएलमध्ये येतं. स्लाइडवर हाताने लिहिण्याची ‘चॉकबोर्ड’ सोय मात्र याच्यासोबत चालत नाही. टेम्प्लेटमध्ये ती मुळातच चालू ठेवलीत तर एकसंध फाइल मागणारा प्रत्येक जण अडेल. म्हणून ती बंद ठेवा, ज्याला हवी तो चालू करेल.

पीडीएफसाठी क्रोममध्ये स्लाइड उघडून ‘ई’ ही कळ दाबा आणि प्रिंटमधून पीडीएफ घ्या. समास शून्य ठेवा आणि ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर खूण करा. ती राहिली तर गडद स्लाइडची पार्श्वभूमी जाते आणि पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं उरतात.

१९. रिपॉझिटरी खाजगी ठेवायची आहे. तरी वाटता येईल?

येईल. खाते आणि रिपॉझिटरीच्या नावाने घेण्याऐवजी फोल्डरचा स्थानिक पाथ किंवा झिप फाइल द्या, क्वार्टो दोन्ही घेतं. टेम्प्लेटमध्ये गुप्त असं फारसं काही नसतं, लोगो तर वेबसाइटवर असतोच. तरीही विकत घेतलेला फॉन्ट (प्रश्न १०) हे खाजगी ठेवण्याचं पुरेसं कारण आहे. गिटहबच्या मोफत खात्यावर खाजगी रिपॉझिटरीतून पेजेस चालत नाहीत, हे प्रश्न १६ वाचताना ध्यानात घ्या.

२०. परवाना कोणता द्यावा? एमआयटी दिला तर कुणीही आमचा लोगो वापरेल का?

कोडला एमआयटी (कोड मोकळेपणाने वापरू देणारा परवाना) चांगला. पण रिपॉझिटरीत एकच परवाना असेल तर वाचणाऱ्याला तो लोगोलाही लागू आहे असं वाटू शकतं. रीडमीमध्ये स्पष्ट लिहा: कोडला एमआयटी, फॉन्टला त्याचा स्वतःचा परवाना (त्याची प्रतही सोबत ठेवा), आणि नाव-लोगो संस्थेचे, परवानगीशिवाय वापरू नयेत. हा मजकूर संस्थेच्या कायदेशीर सल्लागाराला एकदा दाखवून घ्या.

२१. प्रसिद्ध केल्यावर लोगो बदलला. ज्यांनी आधी घेतलंय त्यांच्या स्लाइड आपोआप बदलतील का?

नाही. एक्स्टेन्शनची प्रत प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये असते, आणि ते चांगलंच आहे: मागच्या वर्षीचं भाषण आज रेंडर केलं तरी मांडणी हलत नाही. ज्याला नवं हवं त्याने ‘क्वार्टो अपडेट’ चालवायचं. त्याने एक्स्टेन्शन नवं होतं, त्याच्या स्वतःच्या मजकुराला हात लागत नाही. म्हणूनच नमुना फाइलीत तुम्ही केलेल्या सुधारणा जुन्या वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. रूपाशी संबंधित प्रत्येक गोष्ट एक्स्टेन्शनच्या आत ठेवा.

प्रत्येक प्रसिद्धीला गिटमध्ये आवृत्तीचा टॅग लावा. रिपॉझिटरीच्या नावापुढे ‘ॲट’चं चिन्ह आणि टॅग लिहून कुणालाही नेमकी तीच आवृत्ती घेता येते. रंग किंवा अंतर सुधारलं तर शेवटचे आकडे वाढवा. क्लासचं नाव बदललं किंवा काढलं तर पहिला आकडा वाढवा, कारण ते नाव लोकांच्या स्लाइडमध्ये लिहिलेलं आहे आणि अपडेट केल्यावर त्यांच्या स्लाइड मोडणार आहेत. शक्य असेल तर जुनं नाव निदान एका आवृत्तीपुरतं नव्याच्या शेजारी चालू ठेवा आणि बदलांच्या नोंदीत जुनं नाव, नवं नाव एका ओळीत लिहा.